कुजबूज टिपणारा कान

भिलाईहून रायपूरकडे निघाले की वाटेत चरोदा लागते. मालगाड्यांचे अवाढव्य यार्ड, विजेच्या इंजिनांची शेड, रेल्वे कॉलनीतील क्वार्टर्स आणि जवळच देवबलोद्याचे प्राचीन शिवमंदिर ही या गावाची ओळख. पोलाद कारखान्याच्या आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्ताने या पट्ट्यात आलेली मराठी कुटुंबे आता तिकडचीच झाली आहेत. अशाच एका घरातील वडिलांचे पत्र या सदराकडे आले आहे. त्यांची मुलगी एम.टेक. करते. प्रबंधासाठी तिने विषय घेतला आहे तो 'वायरलेस ब्रॉडबँडसाठी रिसीव्हर फ्रंट-एंड चिपचे आरेखन'. नातेवाईक म्हणतात, सॉफ्टवेअर सोडून हे काय भलतेच घेतले? वडिलांनी तिला विचारले तर ती म्हणाली, "बाबा, मी कान बनवते आहे." तेव्हा हे नक्की काय असते, आणि यात मुलीचे भवितव्य आहे काय, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलीनेच तीन शब्दांत दिले आहे. ते जरा उलगडून पाहू. दुसऱ्या प्रश्नाकडे मग वळू.

घरातला मोबाईल, वाय-फायची पेटी, किंवा २०२३ पासून अनेक गच्च्यांवर दिसू लागलेला बिनतारी इंटरनेटचा पांढरा डबा, या सर्वांच्या पोटात बरीच हुशार यंत्रणा असते. चित्र उलगडणारी, आवाज जुळवणारी, चुका दुरुस्त करणारी. पण ही सारी हुशारी शून्य आणि एक या आकड्यांवर चालते. हवेत मात्र शून्य आणि एक नसतात. हवेत असतात लहरी. त्या लहरी अँटेनातून आत घ्यायच्या, त्यातली आपली तेवढी निवडायची, ती मोठी करायची आणि आकड्यांत बदलता येईल अशा रूपात पुढच्या यंत्रणेच्या हाती द्यायची, हे काम ज्या भागाचे त्याला फ्रंट-एंड म्हणतात. आपल्या शरीरात मेंदूच्या आधी कान असतो, तसाच हा भाग. कान बधिर असेल तर मेंदू कितीही तल्लख असून काय उपयोग?

आवाज तरी किती हळू?

मोबाईलच्या टॉवरपासून आपण लांब असलो, मध्ये चार भिंती असल्या, की फोनच्या अँटेनापर्यंत पोहोचणारी शक्ती किती उरते? एका वॉटचे दहा लाख कोटी भाग करा आणि त्यातला एक भाग घ्या. साधारण एवढी. देवघरातला रात्रीचा इवलासा दिवासुद्धा अर्धा वॉट खातो, यावरून कल्पना यावी.

आता याच फोनची दुसरी बाजू पाहा. आपले बोलणे टॉवरपर्यंत पोहोचवायला फोन स्वतः वॉटच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत शक्ती बाहेर फेकतो. म्हणजे ऐकायचे आहे त्याच्या सुमारे दोन लाख कोटी पट. फोर-जीच्या अनेक पट्ट्यांत हे बोलणे आणि ऐकणे एकाच वेळी, एकाच अँटेनातून चालते. ढोलताशा वाजवणाऱ्यानेच त्याच क्षणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाची कुजबूज ऐकावी, असा हा प्रकार. मध्ये डुप्लेक्सर नावाची गाळणी असते. ती आपल्याच आवाजाचा सुमारे लाखावा हिस्सा तेवढा कानाकडे येऊ देते. तरीही उरलेला आवाज कुजबुजीच्या दोन कोटी पट असतो.

बाहेरच्या जगाची तर गोष्टच वेगळी. शेजाऱ्यांचे वाय-फाय, रस्त्यावरचे फोन, ब्लूटूथ, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे एकाच हवेत. चरोद्याच्या यार्डात शंटिंग चालू असताना रूळ ओलांडलेल्या कोणालाही कळेल की गोंगाटात नेमका आपल्याला उद्देशून काढलेला शब्द ओळखणे म्हणजे काय.

गोंगाट घरातलाच

बाहेरचा गोंगाट एक वेळ समजू शकतो. गंमत अशी की खरा पक्का शत्रू यंत्राच्या आतच असतो. कोणत्याही वस्तूला उष्णता असते, तोपर्यंत तिच्यातले इलेक्ट्रॉन अस्वस्थपणे इकडेतिकडे धडपडत राहतात. या धडपडीतून एक अविरत खरखर निर्माण होते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी ती मोजली आणि नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. ही खरखर कारागिरीतला दोष नव्हे. ती निसर्गाचा नियम आहे. तापमान शून्याखाली पावणेतीनशे अंशांपर्यंत उतरवल्याशिवाय ती जात नाही, आणि फोन काही तिथे ठेवता येत नाही.

ही खरखर किती, हे आपण किती रुंद पट्टा ऐकतो यावर ठरते. मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्राला ९ किलोहर्ट्‌झचा पट्टा पुरतो. वाय-फायच्या किंवा फोर-जीच्या एका वाहिनीला २० मेगाहर्ट्‌झ लागतात, म्हणजे दोन हजार पटींहून अधिक. ब्रॉडबँड या शब्दाचा अर्थच मुळी रुंद पट्टा. वाट रुंद केली की गाड्या जास्त जातात, पण खरखरही तितक्याच पटीने आत शिरते. २० मेगाहर्ट्‌झच्या वाहिनीत नुसत्या उष्णतेची खरखर वॉटच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या पाऊण-एक पट भरते. म्हणजे वर सांगितलेला संदेश आणि ही खरखर जवळजवळ सारख्याच वजनाचे! संदेश खरखरीच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्यात यंत्राने स्वतःची भर घातली की तो बुडालाच.

येथेच आरेखनाचा पहिला मोठा नियम येतो. बेल प्रयोगशाळेतीलच हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये दाखवून दिले की रिसीव्हरच्या साखळीत पहिल्या टप्प्याची खरखर सर्वांत महाग पडते. कारण पहिला टप्पा संदेश मोठा करतो, तेव्हा तोवर मिसळलेली खरखरही त्यासोबत मोठी होते. नंतरच्या टप्प्यांची भर मात्र मोठ्या झालेल्या संदेशापुढे किरकोळ ठरते. दूध काढतानाच चरवीला आंबटाण असेल, तर पुढची भांडी कितीही लख्ख घासा, दूध नासायचे ते नासणारच.

साखळीतील कड्या

म्हणून अँटेना आणि गाळणी यांच्या मागे पहिला मान असतो तो 'लो नॉइज ॲम्प्लिफायर'चा, म्हणजे अल्परव वर्धकाचा. याची परीक्षा एका आकड्यात होते. त्याने आपल्या पदरची किती खरखर घातली? ३ डेसिबल म्हणजे खरखर दुप्पट. चांगल्या वर्धकात हा आकडा २ च्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवण्याची धडपड असते.

यातला पेच मोठा मजेदार आहे. अँटेनातून आलेली लहर चिपमध्ये नीट शिरावी म्हणून दोन्ही बाजूंचा रोध जुळावा लागतो. बहुतेक ठिकाणी ५० ओहम ही रूढ संख्या. न जुळल्यास लहर भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी परत फिरते. ५० ओहमचा रोधक तिथे बसवला की काम झाले, असे वाटेल. पण रोधक म्हणजेच खरखरीचे घर! मग अभियंत्यांनी युक्ती काढली. ट्रान्झिस्टरच्या पायात तारेचे एक छोटे वेटोळे बसवायचे. वेटोळे आणि ट्रान्झिस्टर मिळून बाहेरून पाहणाऱ्या लहरीला ५० ओहमचा भास देतात, आणि आदर्श वेटोळे खरखर करत नाही. दार उघडे आहे असे पाहुण्याला वाटते, पण दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या नाहीत.

आदर्श हा शब्द मात्र महत्त्वाचा. चिपवरचे वेटोळे धातूच्या पातळ थरात जिलबीसारखे काढलेले असते. रुंदी पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या जागेत हजारो ट्रान्झिस्टर मावतील. शिवाय त्याखालचे सिलिकॉन थोडी शक्ती खाऊन टाकते. त्यामुळे प्रत्येक वेटोळ्याला जागा द्यायची की नाही, यावर आरेखक दिवसचे दिवस विचार करतो.

वर्धकानंतर येतो मिक्सर. २,४०० मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी हेलकावे. एवढ्या वेगाच्या लहरीचे थेट आकड्यांत रूपांतर करणे खर्चाचे आणि विजेचे काम. म्हणून चिपमध्येच तयार केलेली एक लहर तिच्यात मिसळतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित विसंवादी असल्या की त्यातून एक संथ आंदोलन ऐकू येते. त्याची गती म्हणजे दोन सुरांतला फरक. जवळपास तसेच येथे घडवून आणतात आणि वेगवान लहरीवरचा मजकूर संथ लहरीवर उतरवून घेतात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये मांडलेली ही कल्पना आपल्या घरातल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतही होती. आज बहुतेक चिपमध्ये मधला थांबा न घेता एकदम शून्यापर्यंत उतरतात. त्याने भाग कमी लागतात, पण नवी दुखणी येतात. चिपमधली लहर स्वतःच अँटेनाकडे गळते, परत येते आणि स्वतःशीच मिसळून खोटा संदेश उभा करते. तो ओळखून वजा करावा लागतो.

मिक्सरच्या पुढे गाळण्या आणि हवा तसा कमी-जास्त होणारा वर्धक असतो आणि शेवटी लहरीचे आकडे करणारा भाग. आपण टॉवरखाली उभे असू तेव्हा आवाज कमी करायचा आणि तळघरात गेलो की वाढवायचा, हे फोन आपल्या नकळत क्षणोक्षणी करत असतो.

दोन शेजारी, तिसऱ्याला त्रास

हळू ऐकता येणे हा अर्धाच गुण. मोठ्या आवाजाने कान न बसणे हा दुसरा. समजा आपली वाहिनी २,४२० मेगाहर्ट्‌झवर आहे आणि जवळच २,४३० व २,४४० वर दोन दणदणीत शेजारी आहेत. वर्धक जर पूर्ण सरळमार्गी नसेल, तर या दोघांच्या संयोगातून २,४३० ची दुप्पट वजा २,४४०, म्हणजे नेमका २,४२० वर एक तोतया उभा राहतो. भांडण दोघांचे, पण आवाज तिसऱ्याच्या घरात. हा तोतया नेमका आपल्याच वाहिनीत बसल्यामुळे पुढची कोणतीही गाळणी त्याला हटवू शकत नाही.

उपाय म्हणजे वर्धक अधिक सरळमार्गी करणे. त्यासाठी साधारणपणे त्याला जास्त वीज पाजावी लागते, नाहीतर थोडी खरखर पत्करावी लागते. वीज वाढवली तर बॅटरी लवकर उतरते आणि चिप तापते. खरखर वाढली तर लांबचा टॉवर ऐकू येत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे तसे येथे बॅटरीचे अंथरूण ठरलेले असते आणि खरखर, सरळपणा, वर्धन, वेग, किंमत असे पाच जण त्यावर पाय पसरायला टपलेले असतात. या पाचांत तडजोड घडवून आणणे हेच फ्रंट-एंडच्या आरेखकाचे काम. संगणक बेरजा करून देतो. कोणी किती पाय आखडावा, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते.

हे कळले की घरातल्या वाय-फायच्या तक्रारींचाही उलगडा होतो. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजच्या बाजूला ठेवला, तर कुजबूज आणखी क्षीण होते. धातू लहरींना अडवतो. मायक्रोवेव्ह सुमारे २,४५० मेगाहर्ट्‌झवर चालतो. त्यातून थोडीशीही गळती झाली तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायला तो दांडगा शेजारी ठरतो. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवावा आणि जवळ बसून काम करायचे असेल तर ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून कमी जातात. त्यामुळेच तर शेजाऱ्यांचा गोंगाटही तिथे कमी पोहोचतो.

केसाएवढ्या तारेची किंमत

कागदावर वर्तुळ जुळले म्हणजे चिप झाली असे नव्हे. संगणकावर मंडलाची चाचणी झाली की त्याचा नकाशा काढावा लागतो. कोणता ट्रान्झिस्टर कोठे, कोणती तार कोणत्या थरातून, हे सारे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक मापात. या वेगाला दोन शेजारच्या तारा एकमेकींशी 'बोलू' लागतात. चिपपासून बाहेरच्या पायांपर्यंत जाणारी केसासारखी तार फक्त एक मिलिमीटर लांबीची असली, तरी २,४०० मेगाहर्ट्‌झला ती सुमारे १५ ओहमचा अडथळा उभा करते. ज्या वर्तुळात ५० ओहमचा हिशेब जुळवायचा, तिथे १५ ओहम म्हणजे काही थोडे नव्हेत. म्हणून नकाशा काढल्यावर त्यातील प्रत्येक तारेचा परिणाम मोजून पुन्हा चाचणी, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा चाचणी. पत्रातली मुलगी दिवसदिवस संगणकासमोर का बसते, ते यावरून कळावे.

मग नकाशा कारखान्याकडे जातो. याला 'टेपआउट' म्हणतात. चिप हातात यायला काही महिने लागतात. गवंड्याचे चुकले तर भिंत पाडून पुन्हा बांधता येते. येथे ते नाही. एक तार चुकली तर पुन्हा खर्च, पुन्हा काही महिन्यांची वाट. महाविद्यालयांना परवडावे म्हणून अनेकांचे नकाशे एकाच चकतीवर छापण्याची सोय असते. भिशीसारखा खर्च वाटून घेतला जातो.

आपल्याकडची वाट

१९९० च्या दशकापर्यंत जाणकारांचीही अशी समजूत होती की संगणकाच्या चिपसाठी वापरले जाणारे स्वस्त सिलिकॉन तंत्र, सीमॉस, रेडिओच्या कामाचे नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील असद अबिदी आणि अमेरिकेतील इतर काही विद्यापीठांतील संशोधकांनी त्याच दशकात ही समजूत खोडून काढली. रेडिओ आणि संगणक एकाच स्वस्त चिपवर आले आणि वाय-फाय घरोघरी पोहोचले. हे सर्व झाले ते विद्यापीठांत, प्रबंध लिहिणाऱ्या मुलामुलींच्या हातून. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्राला अशा कानांची परंपरा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण म्हणजे एक विराट रिसीव्हरच. आकाशगंगांकडून येणारी कुजबूज टिपायला तिच्या प्रत्येक तबकडीवर अल्परव वर्धक बसवलेले आहेत. मोबाईलच्या लहरींचा त्रास तिलाही चुकत नाही, म्हणून गाळण्या लावाव्या लागतात. विश्वाची दूरची खबर असो की आजीचा व्हिडिओ कॉल, नियम तेच.

चिपच्या बाबतीत पवईच्या आयआयटीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील प्रा. राजेश झेले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'ध्रुव' नावाची रिसीव्हर चिप बनवली. २०२० च्या सुरुवातीला ती जाहीर झाली. ही चिप भारताच्या नाविक उपग्रहांचे आणि अमेरिकेच्या जीपीएसचे संकेत घेते. ती ब्रॉडबँडची नव्हे, दिशादर्शनाची. पण काम तेच. क्षीण संकेत मोठे करणे, नको ते गाळणे, आकडे पुढे देणे. नाविकचे उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. जमिनीवर पोहोचणारा त्यांचा संकेत आपण वर पाहिलेल्या मोबाईलच्या कुजबुजीहूनही हजार पटींच्या घरात क्षीण असतो. त्यात नाविकचा एक पट्टा २,४९२ मेगाहर्ट्‌झवर आहे, म्हणजे वाय-फायच्या पट्ट्याला जवळजवळ खेटून. एकाच फोनमध्ये दोन्ही असले की दांडग्या शेजाऱ्याची कथा घरातच सुरू होते. हे सारे सांभाळून ही चिप विद्यार्थ्यांच्या गटाने सुमारे दीड वर्षात आरेखित केली.

ब्रॉडबँडच्या बाजूला बंगळुरूच्या सिग्नलचिप या कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये फोर-जी आणि फाइव्ह-जीसाठी भारतात आरेखित केलेल्या चिपचा संच सादर केला. त्यात रेडिओचा भाग सांभाळणाऱ्या चिपही होत्या. पवईच्याच आयआयटीत प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने पालघरच्या खामलोली व आसपासच्या गावांत दूरदर्शनच्या पट्ट्यातील मोकळ्या वाहिन्या वापरून इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग केला. कमी कंपनसंख्येच्या लांब लहरी झाडाझुडपांतून बऱ्या जातात, हे त्यामागचे कारण. या कामातून उभ्या राहिलेल्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला मान मिळाला.

असे असूनही एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. भारतीय अभियंते चिपच्या आरेखनात जगभर नावाजलेले आहेत; टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र काढले त्याला १९८५ साल होते. पण त्यांच्यातील बहुतेकांचे काम परदेशी कंपन्यांच्या मालकीच्या चिपवर होते. मोहालीच्या सरकारी कारखान्यात चिप बनतात, पण १८० नॅनोमीटरच्या, म्हणजे आजच्या मानाने जुन्या तंत्राने. गंमत अशी की वाय-फायच्या सुरुवातीच्या चिप याहून जाड, पाव मायक्रॉनच्या तंत्रावरही बनल्या होत्या. तेव्हा शिकण्यासाठी आणि बऱ्याच उपयोगाच्या रिसीव्हरसाठी मोहालीचे तंत्र काही टाकाऊ नाही.

मुलीचे भवितव्य

आता दुसरा प्रश्न. चरोद्याच्या पत्रलेखकांना स्पष्टच सांगायचे तर हा रस्ता सॉफ्टवेअरइतका रुंद नाही. नोकऱ्या संख्येने कमी, त्या बंगळुरू, हैदराबाद, नोएडा, पुणे अशा ठिकाणी. पदवी हाती आली की लगेच मोठा पगार, हे सर्वांच्या बाबतीत घडत नाही. हे काम हातात बसायला वर्षे लागतात. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याच्या हातात ते बसते, त्याची जागा सहजासहजी दुसऱ्याला घेता येत नाही. सराफाच्या पेढीवर हिशेबनीस पुष्कळ मिळतात, नजरेने कस सांगणारा एखादाच असतो.

आणि दिवसही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. चिपच्या आरेखनाची सॉफ्टवेअरे इतकी महाग की लहान गावच्या महाविद्यालयाला ती स्वप्नातही परवडत नसत. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेत सीडॅकच्या केंद्रामार्फत अनेक शिक्षणसंस्थांना ही साधने वापरायला मिळू लागली. ८५ हजार अभियंते तयार करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे. घरी बसून हात बसवायचा तर पवईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाचे 'ई-सिम' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. २०२० मध्ये गुगल आणि स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटरच्या तंत्राची सारी मापे सर्वांसाठी खुली केली. एके काळी अशी मापे गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय डोळ्यांनाही दिसत नसत. चरोद्यापासून थोड्याच अंतरावर, दुर्गजवळच्या कुटेलाभाटा येथे, भिलाईच्या आयआयटीचा कायमचा परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा याच परिसरातल्या लोकांनी जे काम कधी पाहिलेही नव्हते ते शिकून घेतले होते.

वडिलांनी एकच तयारी ठेवावी. अशी पहिली चिप कारखान्यातून परत येते, तेव्हा ती क्वचितच पूर्ण मनासारखी चालते. कधी वर्धक स्वतःच शिट्टी वाजवू लागतो, कधी वाहिनी पन्नास मेगाहर्ट्‌झ बाजूला सरकलेली असते, कधी चिप मुळीच बोलत नाही. वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडल्यासारखे वाटते. नात्यातले लोक तेव्हा "आम्ही सांगितलेच होते" म्हणतील. अनुभवी आरेखक मात्र विचारतात, "कोठे चुकले ते सापडले का?" ते सापडले असेल तर त्या मुलीला ते कळले आहे, जे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. घरच्यांनीही तेव्हा तोच प्रश्न विचारावा आणि तिला दुसऱ्या नकाशासाठी वेळ द्यावा.